धरणाखालील मासेमारी

जलविद्युत् अथवा पाटबंधारे प्रकल्पासाठी बांधलेल्या धरणाच्या पायथ्यापासून खाली, धरणातून सोडलेल्या पाण्यावर वाहणाऱ्या नदीच्या भागात केली जाणारी मासेमारी. या भागातील पाण्याचे तापमान, खोली, वेग व त्यात विरघळलेल्या ऑक्सिजनाचे प्रमाण ही पावसावर कमी आणि धरणाच्या दरवाजांवर व जलचक्कीवर अधिक अवलंबून असतात. त्यामुळे तेथे कोणते मासे जगतील, ते अंडी केव्हा घालतील आणि कोळ्याच्या जाळ्यात काय येईल, हे सर्व पाणी सोडण्याच्या पद्धतीने ठरते. थंड हवेच्या देशांत अशा भागात ट्राउट माशांची मासेमारी भरभराटीस आली आहे. महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातील उजनी धरणाखालील भीमा नदी हे या प्रकारचे, परंतु वेगळ्या स्वरूपाचे उदाहरण होय.

ट्राउट व धरणे : ट्राउट हा सामन कुलातील, थंड व स्वच्छ वाहत्या पाण्यात राहणारा मासा आहे. त्याला १०° ते १६° से. तापमान विशेष मानवते, २५° से.च्या वर तो फार काळ तग धरू शकत नाही. त्याला ऑक्सिजनही भरपूर लागतो. खोल जलाशयात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वरचे पाणी तापून हलके होते व तळाचे थंड, जड पाणी त्यात मिसळत नाही. वीजगृहाची पाणी घेण्याची वाट खोलवर असल्यास हे तळाचे पाणी जलचक्कीतून बाहेर पडते आणि एरवी उन्हाळ्यात कोमट होणारी नदी धरणाखाली कित्येक किमी.पर्यंत बारमाही थंड राहते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आर्कॅन्सॉ राज्यात नॉरफोर्क (१९४४) व बुल शोल्स (१९५१) या धरणांखाली अशीच स्थिती निर्माण झाली. ऊबदार पाण्यातील मूळचे मासे तेथून हटले व त्यांच्या जागी सोडलेल्या ट्राउटमुळे हा भाग गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांमध्ये प्रसिद्ध झाला.

या लाभाला दुसरी बाजूही आहे. विजेची मागणी संध्याकाळी वाढते व रात्री उतरते. त्याप्रमाणे पाणी सोडल्यास नदीची पातळी दिवसातून एकदा चढते व एकदा उतरते. पाणी झपाट्याने ओसरले की काठालगतची अंडी व पिले उघडी पडून मरतात. कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणाखाली हा अनुभव आल्यावर तेथे १९९६ मध्ये पाण्याच्या दैनंदिन चढउतारावर मर्यादा घालण्यात आल्या. तळाच्या पाण्यात ऑक्सिजन कमी असणे हीही अडचण असते. त्यासाठी काही धरणांवर जलचक्कीतून जाणाऱ्या पाण्यात हवा मिसळण्याची व्यवस्था केलेली असते.

भारतात ट्राउट हा मूळचा नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तो काश्मीर व निलगिरी येथे आणून रुजविण्यात आला. पुढे हिमाचल प्रदेशातही त्याची वाढ झाली. तेथील ऊल नदीचे पाणी बरोट येथे अडवून शानन वीजगृहाकडे नेले आहे. बरोट हे ट्राउटच्या मासेमारीचे व संवर्धनाचे एक ठिकाण म्हणून ओळखले जाते. दख्खनच्या पठारावरील नद्यांत मात्र ट्राउट जगणे शक्य नाही. सोलापूर भागात एप्रिल-मे महिन्यांत हवेचे तापमान ४०° से.च्या वर जाते व उथळ पात्रातील पाणी त्याच मानाने तापते.

उजनी धरण : भीमा नदीवर माढे तालुक्यात उजनी गावाजवळ बांधलेल्या या धरणाचे काम १९६९ मध्ये सुरू होऊन १९८० मध्ये पूर्ण झाले. धरणाची लांबी २,५३४ मी., उंची ५६·४ मी. असून सांडव्याला ४१ दरवाजे आहेत. जलाशयाची एकूण साठवणक्षमता सु. ३,३२० द. ल. घ. मी. (११७ अब्ज घ. फुटांहून अधिक) असून तीपैकी उपयुक्त साठा सु. १,५१७ द. ल. घ. मी. आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी मृत साठ्यात मोडते. भरलेल्या जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६·८३ मी. व मृत साठ्याची ४९१·०३ मी.; उपयुक्त साठा हा सहा मी.पेक्षाही कमी जाडीचा, पण अतिशय विस्तीर्ण थर आहे. पसरट व वाऱ्याने घुसळल्या जाणाऱ्या अशा जलाशयातून ट्राउटच्या नद्यांप्रमाणे थंड पाण्याचा बारमाही प्रवाह मिळत नाही. धरणाच्या पायथ्याशी १२ मेवॉ. क्षमतेचे वीजगृह असून तेथील यंत्र उलट चालवून पाणी वर चढविण्याचीही योजना त्यात आहे. पूर्ण क्षमतेने वीज निर्माण करताना सु. १,६०० क्युसेक (सेकंदाला सु. ४५ घ. मी.) पाणी लागते.

पाणी सोडण्याचे प्रकार : धरणातून पाणी चार वाटांनी बाहेर पडते : डावा व उजवा कालवा, सीना नदीकडे जाणारा बोगदा, वीजगृह आणि सांडवा. यांपैकी शेवटच्या दोन वाटांचे पाणी भीमेच्या पात्रात येते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात जलाशय भरला की सांडव्यावरून पूर सोडला जातो. काही किमी. खाली नीरा-नरसिंहपूर येथे नीरा नदी भीमेस मिळते व दोन्ही नद्यांचे पूर एकत्र आल्यास पंढरपूरला धोका उत्पन्न होतो. ऑक्टोबर १९२० नव्हे, तर धरण झाल्यानंतरच्या काळात, ऑक्टोबर २०२० मध्ये अशाच पुराने पंढरपूरचा सखल भाग पाण्याखाली गेला होता. आषाढी यात्रेच्या वेळी चंद्रभागेत स्नानापुरते पाणी असावे म्हणूनही गरजेप्रमाणे पाणी सोडतात. हिवाळ्यात व उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी नदीतून पाळ्या दिल्या जातात. सोलापूर शहरासाठीचे पाणी अनेक वर्षे असेच नदीपात्रातून, दोनशे किमी.हून अधिक अंतर कापून, दक्षिण सोलापूर तालुक्यातील औज बंधाऱ्यापर्यंत पोहोचत आले आहे. ते वाटेत उपसले जाऊ नये म्हणून नदीकाठच्या कृषिपंपांचा वीजपुरवठा अशा वेळी कमी करतात.

दोन पाळ्यांच्या मधल्या काळात पात्राचा बराच भाग कोरडा पडतो. पाणी राहते ते कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे व नैसर्गिक डोहांत. म्हणून उजनीखालची भीमा ही उन्हाळ्यात अखंड नदी नसून एकमेकांपासून तुटलेल्या तळ्यांची माळ असते, असे म्हणता येईल. त्या भागातील मासेमारीचे स्वरूप यावरूनच ठरते.

मासे व मासेमारी : कटला, रोहू व मृगळ हे मूळचे उत्तर भारतातील मोठे कार्प मासे आता या भागातील उत्पादनाचा मुख्य आधार आहेत. त्यांची बोटुकली जलाशयात सोडतात. सांडवा वाहू लागला की वाढलेले मासे पुराबरोबर खाली येतात आणि बंधाऱ्यांमागे व डोहांत स्थिरावतात. पूर ओसरल्यानंतरचे काही आठवडे म्हणूनच चांगल्या मासेमारीचे असतात. १९५२ मध्ये भारतात आणलेला आफ्रिकी तिलापिया मासाही येथे विपुल असून स्थानिक लोक त्याला ‘चिलापी’ म्हणतात. तो साचलेल्या पाण्यात अंडी घालतो व मादी ती तोंडात सांभाळते. त्यामुळे नदी वाहिली नाही तरी त्याचे फारसे अडत नाही. देशी माशांपैकी मरळ, शिंगटा, वाम इ. आढळतात. मरळीला हवेतून श्वसन करता येत असल्याने ती ऑक्सिजन कमी असलेल्या डबक्यातही टिकते.

भोई व कोळी समाजांचे लोक हा व्यवसाय परंपरेने करीत आले आहेत. धरणात जमिनी गेलेल्या कुटुंबांपैकीही काहींनी तो पतकरला. लहान होड्या, हवा भरलेल्या रबरी ट्यूबा वा थर्माकोलचे तराफे यांवरून संध्याकाळी जाळी लावून पहाटे ती काढतात. उथळ पाण्यात फेकजाळे व काठावरून गळ वापरतात. पुणे जिल्ह्यातील भिगवण ही जलाशयातील माशांची मोठी बाजारपेठ आहे. धरणाच्या अगदी पायथ्याशी, फेसाळत्या पाण्यात मासे दाटीने जमतात. परंतु दरवाजे उघडताच पाणी क्षणात वाढत असल्याने तेथे जाळे टाकणे जीवघेणे ठरू शकते. विष किंवा स्फोटके वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने बंदी घातलेली आहे.

प्रवाहाचे महत्त्व : कटला, रोहू व मृगळ हे साचलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत. पावसाळ्यात गढूळ पाण्याचा लोंढा आला की ते प्रवाहाविरुद्ध वर चढतात व काठालगतच्या नव्याने भिजलेल्या उथळ भागात अंडी सोडतात. अंडी पाण्याबरोबर वाहत जाऊन एका दिवसाच्या आतच फुटतात. धरण या क्रमात तीन ठिकाणी आड येते : वर चढणारे मासे भिंतीशी अडतात, जून-जुलैतील पहिले पाणी जलाशय भरण्यासाठी अडविले जात असल्याने खालच्या नदीला लोंढा उशिरा मिळतो वा मिळतच नाही, आणि दरवाजे एकाएकी बंद झाल्यास उथळ भागातील अंडी कोरडी पडतात. नैसर्गिक पैदास अशी तुटल्यावर सारा भार बोटुकली सोडण्यावर येतो. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी पोषग्रंथीच्या अर्काचे अंतःक्षेपण देऊन कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले नसते, तर अशा जलाशयांत मत्स्योत्पादन वाढविणे दुष्कर झाले असते.

नदीच्या बदलाची सर्वांत स्पष्ट खूण म्हणजे महसीर (खवल्या). खळाळत्या पाण्यात राहणारा, गळाशी जोराने झुंजणारा हा मासा भारतीय नद्यांत ट्राउटच्या तोलाचा मानला जातो. त्याच्या दख्खनी जातीचे (टॉर खुद्री) पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये, भीमेच्याच मुळा-मुठा या उपनदीतील नमुन्यांवरून केले. भीमेच्या खोऱ्याच्या माथ्यावर टाटा कंपन्यांनी बांधलेल्या जलविद्युत् धरणांचे पाणी खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) येथील वीजगृहांतून कोकणात उतरते. एरवी पूर्वेकडे वाहिले असते असे हे पाणी वीज निर्माण केल्यावर भीमेस परत मिळत नाही. त्याच प्रकल्पांपैकी लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी मात्र १९७० नंतरच्या दशकापासून महसीरचे कृत्रिम प्रजनन करून त्याची पिले देशातील अनेक जलाशयांना व नद्यांना पुरविण्यात आली. जात टिकविण्यास याचे साहाय्य झाले. तथापि पिले सोडली तरी ती वाढण्यास वाहते, स्वच्छ पाणी लागतेच. पुणे व पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी मुळा-मुठा व भीमा यांवाटे उजनीत येते. त्यामुळे शेवाळ व जलपर्णी माजते व ऑक्सिजन घटतो. अशा पाण्यात चिलापी वाढते, महसीर वाढत नाही.

उपाय : धरणाखालील मत्स्यसंपत्ती राखण्यासाठी नेहमीच अधिक पाणी लागते असे नाही, पुष्कळदा तेच पाणी वेगळ्या रीतीने सोडणे पुरेसे असते. दरवाजे टप्प्याटप्प्याने बंद करणे, पावसाळ्याच्या आरंभी एखादा लहान लोंढा खाली जाऊ देणे, पाळ्यांच्या मधल्या काळात थोडा परंतु अखंड प्रवाह राखणे, खोल डोह विणीच्या हंगामात राखीव ठेवणे व बंधाऱ्यांची दारे काढण्याची वेळ माशांच्या स्थलांतराशी जुळविणे, हे त्यांतील मुख्य उपाय होत. बुटक्या बंधाऱ्यांवर मत्स्यसोपान बांधता येतो. उजनीएवढ्या उंच धरणावर तो फारसा उपयोगी ठरत नाही.

यात अडचण आहे ती पाण्याच्या वाटपाची. अवर्षणाच्या वर्षी उजनीचा उपयुक्त साठा संपून पातळी ‘वजा’ होते. २०१६ व २०२४ च्या उन्हाळ्यांत असे घडले. अशा वेळी ऊस, शहरे व गावे यांच्या मागण्यांपुढे नदीचा वाटा शेवटी उरतो. शहरांना पात्राऐवजी नळमार्गाने पाणी नेल्यास वाटेतील गळती व बाष्पीभवन वाचते, हे खरे. परंतु माणसासाठी सोडलेल्या पाण्यावरच भीमेतील डोह आजवर जगत आले. ते पाणी नळातून गेले की नदीसाठी म्हणून वेगळा वाटा ठरवून द्यावा लागेल. तो न दिल्यास धरणाखालील मासेमारी सांडवा वाहण्याच्या दिवसांपुरती उरेल आणि तिच्यावर जगणाऱ्या कुटुंबांना इतरत्र काम शोधावे लागेल.