नोटेवरचा तारा आणि कामगाराची पाठ

नाशिकरोडला ‘प्रेसमध्ये आहे’ एवढं सांगितलं की कुठला प्रेस ते विचारावं लागत नाही. करन्सी नोट प्रेसमध्ये 1928 साली नोटा छापायला सुरुवात झाली. तोवर त्या इंग्लंडहून छापून यायच्या. 1932 पर्यंत सगळ्या किमतींच्या नोटा नाशिकलाच निघू लागल्या. इतिहास एवढा पुरे. खरी गंमत छपाईत आहे.

नोटेचा कागद कापसाचा असतो, म्हणून पँटच्या खिशात धुतली गेलेली नोट बहुधा वाचते. कोरलेल्या प्लेटमध्ये शाई भरून ताव प्रचंड दाबाखाली काढला की शाई कागदावर उठून राहते. शंभराच्या नोटेवर गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवावं, कळतं. मात्र प्लेटच्या सपाट भागावरची जादा शाई दर तावाला पुसावी लागते. एकेकाळी अनेक देशांतल्या नोट छापखान्यांत हे काम ट्रायक्लोरोएथिलीनने व्हायचं. या द्रावकाच्या वाफेने डोकं गरगरतं आणि पुढे त्याचा कर्करोगाशी संबंध सिद्ध झाला. नंतर त्याची जागा पाणी, कॉस्टिक सोडा आणि एरंडेलापासून केलेल्या द्रव्याने घेतली. कामगाराच्या आरोग्यासाठी झालेला हा बदल नोट हातात धरणाऱ्याला कधीच दिसत नाही.

दुसरा एक बदल मात्र दिसतो. काही नोटांवर क्रमांकाच्या आधीची अक्षरं आणि आकडे यांच्या मध्ये चांदणी असते. 2023 मध्ये अशा नोटा खोट्या असल्याची अफवा इतकी पसरली की रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला. नोट अस्सलच असते. शंभर नोटांच्या पाकिटात एखादी बिघडली, शाई फाकली किंवा आकडा सरकला, की ती काढून तिच्या जागी चांदणीची नोट ठेवतात. ऑगस्ट 2006 पर्यंत पाकिटातले शंभरही क्रमांक ओळीने लागायचे, त्यामुळे एका खराब नोटेपायी तोच क्रमांक पुन्हा जमवण्याचा खटाटोप असायचा. चांदणीने तो वाचवला. तरी खराब नोट आधी हेरावी लागतेच, आणि एकसारख्या तावांच्या ढिगातून वेगळा ताव शोधताना नजर आणि मान दोन्ही आखडतात. शिवाय आत गेलेल्या एकेका तावाचा हिशेब लागायला हवा.

अशा कामाला वेळेची मर्यादा का हवी, हे सांगायला नको. 1948 च्या कारखाने कायद्याने दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला 48 तास ठरवले, वरच्या वेळेला दुप्पट पगार. त्याच कायद्यात उपाहारगृह, कल्याण अधिकारी आणि पिकदाणीसाठीसुद्धा कलमं होती. थुंकण्याची सोय विसरली नाही, ही बारकाईची गोष्ट!

8 नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीने या बारकाईची परीक्षा घेतली. चलनातल्या रकमेपैकी सुमारे 86 टक्के एका रात्रीत बाद, आणि नव्या नोटा हव्या होत्या कालच. नाशिक, देवास, म्हैसूर आणि पश्चिम बंगालमधलं सालबनी, चारही ठिकाणी यंत्रं सुट्टीविना धडधडू लागली. सालबनीत बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या. डिसेंबरअखेर तिथल्या कर्मचारी संघटनेने कळवलं की नऊ तासांपलीकडे काम होणार नाही. लोक आजारी पडत आहेत, पाठी धरल्या आहेत. बाहेर एटीएमच्या रांगा असताना हे बोलायला धारिष्ट्य लागतं. त्यांनी मागितलं ते कायद्यात आधीच लिहिलेलं होतं, याची आठवण तेव्हा फार थोड्यांनी ठेवली.

नाशिकला पुढची खोट कोरोनाने दाखवली. एप्रिल 2021 मध्ये दुसऱ्या लाटेत प्रेसची छपाई महिनाअखेरपर्यंत थांबवावी लागली. नोट घरून छापता येत नाही, आणि कुलूपबंद विभागात एकाच छताखाली राबणाऱ्यांना अंतर राखायचं म्हटलं तरी किती राखणार?

नोटाबंदीच्या हिवाळ्यात घाईने छापलेली दोन हजारांची नोट 2018-19 नंतर छापलीच गेली नाही, आणि 19 मे 2023 ला ती चलनातून मागे घेण्याची घोषणा झाली. सात वर्षंही भरली नव्हती. त्या पाळ्यांत धरलेल्या पाठींचं मात्र मागे घेण्यासारखं काही नव्हतं.