देणगी ते अनुदान: अटी ठरतात कुठे?

धर्मादाय न्यास एखाद्या संस्थेला अनुदान देतो तेव्हा त्यामागच्या अटी एका बैठकीत ठरलेल्या नसतात. काही मूळ दात्याने मृत्युपत्रात किंवा न्यासपत्रात घालून ठेवलेल्या असतात, काही कायद्यातून येतात, उरलेल्या विश्वस्त मंडळ आणि त्याचे कार्यालय ठरवते. टाटा न्यासांच्या विश्वस्तांमधील मतभेदांच्या २०२५च्या बातम्यांत चर्चा झाली ती खुर्च्यांची आणि टाटा सन्समधल्या सुमारे ६६ टक्के भागभांडवलाची. त्या भांडवलावरचा लाभांश दवाखान्यापर्यंत, शाळेपर्यंत कोणत्या अटींनी पोचतो हा प्रश्न मागेच राहिला. सामाजिक संस्थांचे रोजचे जगणे मात्र त्याच प्रश्नावर अवलंबून असते.

सुरुवात दात्यापासून होते. जमशेटजी टाटांचे धाकटे पुत्र सर रतन टाटा १९१८मध्ये वारले आणि त्यांच्या मृत्युपत्रानुसार पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचा न्यास उभा राहिला. समाजाच्या सामाजिक, आर्थिक आणि राजकीय हिताच्या प्रश्नांचा अभ्यास जाणकार माणसे नेमून करवून घ्यावा, हा अभ्यास ठरीव चाकोरीतून न होता विज्ञानाच्या आणि तत्त्वज्ञानाच्या प्रगतीने पडणाऱ्या नव्या प्रकाशात व्हावा आणि नीट विचारपूर्वक आखलेली नसेल अशा कोणत्याही योजनेला पैसा देऊ नये, असे त्यांनी विश्वस्तांना सांगून ठेवले. शंभर वर्षांपूर्वीचा हा मजकूर आजच्या बहुतेक अनुदान-धोरणांपेक्षा शहाणा आहे. त्यात दिशा बांधून दिली आहे, वाट विश्वस्तांवर सोपवली आहे, आणि अर्जदाराकडे मागितली आहे ती फक्त तयारी.

ही दृष्टी त्यांच्या हयातीतल्या देणग्यांतही दिसते. दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाला त्यांनी १९०९पासून मदत केली. त्या पैशाचा विनियोग कसा झाला हे गांधीजींनी १९१२मध्ये जाहीर पत्र लिहून त्यांना कळवले. आज अनुदानाच्या प्रत्येक हप्त्यासोबत मागितल्या जाणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्राचा इतका मोकळा आणि प्रामाणिक पूर्वज दुसरा सापडणे कठीण. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला त्यांनी वर्षाला १० हजार रुपये दिले, तेही सलग दहा वर्षे. लंडन विद्यापीठाला दारिद्र्याच्या कारणांच्या अभ्यासासाठी दरसाल १,४०० पौंड दिले. त्यातून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये जे केंद्र निघाले त्याचे पहिले संचालक आर. एच. टॉनी होते. पैसा कशासाठी हे स्पष्ट, मुदत लांब आणि निष्कर्षावर कसलेही बंधन नाही: संशोधनाला द्यायच्या अनुदानाचा हा नमुना अजूनही जुना झालेला नाही.

दाता याहून नेमक्या अटीही घालू शकतो. मेहरबाई टाटा १९३१मध्ये ल्युकेमियाने गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी टाटांनी पुढच्या वर्षी त्यांच्या स्मरणार्थ लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला आणि उत्पन्नाची वाटणीच ठरवून दिली: चार पंचमांश जगभरातल्या ल्युकेमिया संशोधनाला, एक पंचमांश भारतातल्या आरोग्यविषयक संशोधनाला. जमशेटजींनी १८९२मध्ये सुरू केलेल्या शिष्यवृत्त्यांची अट वेगळ्या जातीची आहे. तिथे शिष्यवृत्ती कर्जाऊ मिळते, परत आलेली रक्कम पुढच्या विद्यार्थ्याच्या कामी येते. के. आर. नारायणन आणि जयंत नारळीकर हे याच निधीतून परदेशी शिकायला गेले.

नेमकी अट काळाबरोबर निरुपयोगीही होते. ज्या रोगासाठी पैसा ठेवला तो रोगच उरला नाही किंवा ज्या धर्मशाळेसाठी ठेवला तिथे कोणी उतरत नाही, तर काय करायचे? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०च्या कलम ५५मध्ये त्याची सोय आहे. मूळ हेतू पार पाडणे अशक्य झाले किंवा निधी शिल्लक पडून राहिला, तर धर्मादाय आयुक्तांच्या सूचनेवरून न्यायालयाकडून नव्या विनियोगाचे निर्देश घेता येतात. या सोयीची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १९५४मध्ये रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात आखून दिली. जैन मंदिराचे वहिवाटदार आणि पारशी पंचायतीचे विश्वस्त या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेले होते. धर्मकार्यासाठी ठेवलेला पैसा, ते कार्य चालवणे शक्य असताना, दुसऱ्या कामाकडे वळवणे हा धर्मस्वातंत्र्यावरचा घाला ठरेल, असे न्यायालयाने म्हटले. म्हणून न्यासपत्र लिहिताना हेतू शक्य तेवढे रुंद ठेवावेत, असा सल्ला जाणते वकील देतात, आणि तो योग्यच आहे.

दुसरा थर कराचा, आणि तो वाटतो त्याहून खोलवर काम करतो. करसवलत टिकवायची तर न्यासाला वर्षाच्या उत्पन्नातले किमान ८५ टक्के आपल्या हेतूंवर खर्चावे लागतात. उरलेले १५ टक्के राखता येतात. पण २०२४-२५ या कर-आकारणी वर्षापासून एका न्यासाने दुसऱ्या न्यासाला दिलेल्या देणगीपैकी ८५ टक्केच खर्च म्हणून धरले जातात. पैसा एका न्यासातून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात फिरावा आणि प्रत्येकाने १५ टक्के राखून ठेवावेत, हे थांबवण्यासाठी हा नियम आला. जो न्यास स्वतः काम न करता फक्त अनुदाने देतो, त्याचे गणित मांडून पाहावे. १०० रुपये उत्पन्नावर ८५ रुपयांचा खर्च दाखवायला त्याला पूर्ण १०० रुपये द्यावे लागतात. राखीव ठेवण्याची मुभा त्याच्यासाठी नावापुरती उरते. शिवाय उत्पन्नातून दुसऱ्या न्यासाच्या कायम निधीला दिलेली रक्कम खर्चात धरलीच जात नाही. त्यामुळे मोठे न्यास छोट्या संस्थांना वर्षभराचे काम देतात. पुढची वीस वर्षे उभे राहता येईल असे भांडवल देत नाहीत.

परदेशी देणग्यांचे नियम आणखी कडक आहेत. परकीय देणगी नियमन कायद्यातल्या २०२० सालच्या दुरुस्तीने अशी देणगी दुसऱ्या कोणत्याही संस्थेकडे वळवायला बंदी झाली. पूर्वी मोठी संस्था पैसा आणी आणि नोंदणी असलेल्या खेड्यापाड्यातल्या छोट्या संस्थांना वाटून देई. ती साखळी या बंदीने तुटली. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली.

यानंतर न्यासाचे स्वतःचे धोरण येते. विषय आणि जिल्हे ठरतात. अर्ज खुले मागवायचे की निवडक संस्थांना बोलवायचे हे ठरते. किती रकमेपर्यंत अधिकाऱ्यांनी मंजुरी द्यावी आणि कुठून पुढे मंडळाने, याची रेषा आखली जाते. अर्जदाराकडे सहसा तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, करसवलतीसाठीची १२ए आणि ८०जीची नोंदणी, कामाचा अनुभव असे मागतात आणि प्रत्यक्ष पाहणी होते. विश्वस्ताचा अर्जदार संस्थेशी संबंध असेल तर त्याने निर्णयातून बाजूला व्हावे हा नियम हवाच, कारण संबंधितांना लाभ मिळाल्याचे दिसले तर न्यासाची करसवलत धोक्यात येते. अनेक न्यासांचे अर्ज, अहवाल आणि मुलाखती इंग्रजीतच होतात. नंदुरबार किंवा गडचिरोलीत पाड्यापाड्यावर काम करणारी, उत्तम मराठी लिहिणारी संस्था या टप्प्यावर गळते आणि शहरात बसून प्रस्ताव लिहिणारी टिकते. ही अट कुठल्याही धोरणात लिहिलेली नसते; सगळ्यांत जास्त माणसे मात्र तीच बाहेर ठेवते.

मंजुरीनंतरच्या करारपत्रात रक्कम हप्त्यांत विभागलेली असते. पहिल्या हप्त्याचा हिशेब आणि अहवाल आल्यावर दुसरा सुटतो. अंदाजपत्रकातल्या एका बाबीची रक्कम ठरलेल्या मर्यादेपलीकडे दुसऱ्या बाबीवर खर्चायची तर आधी लेखी परवानगी लागते. पावसाळ्यात रस्ता वाहून गेला म्हणून प्रशिक्षणाऐवजी गाडीभाडे वाढले, तरी कागद फिरवावा लागतो.

वादाची खरी अट प्रशासकीय खर्चाची आहे. पैसा थेट गरजूंपर्यंत जावा, भाडे-पगारांत जिरू नये ही देणगीदाराची अपेक्षा रास्त आहे. पण हिशेबनीस, लेखापरीक्षण, संगणक, कार्यालयाचे भाडे आणि कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण हा कामाचाच भाग आहे; विहिरीचे पाणी हवे पण दोराला पैसा नको, असे म्हणून चालत नाही. ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने भारतातल्या ४० नावाजलेल्या संस्थांचे हिशेब तपासले तेव्हा अप्रत्यक्ष खर्चाचे प्रमाण ५ टक्क्यांपासून ५१ टक्क्यांपर्यंत आढळले. काम बदलले की खर्च बदलतो. सगळ्यांना एकच टक्का लावणे ही सोय झाली, न्याय नव्हे.

यात सर्वांत मोठा गैरसमज कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक उत्तरदायित्वाच्या, निधीबाबत आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. नियम म्हणतो की प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. काम करणाऱ्या संस्थेचा व्यवस्थापन खर्च त्यात येत नाही, असा खुलासा केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१मध्येच केला. तरीही कंपन्यांच्या करारपत्रांत संस्थांवर हीच ५ टक्क्यांची मर्यादा लादली जाते आणि पुढचे अनुदान हातचे जाईल या भीतीने संस्था ती मान्य करतात. मग मुख्य हिशेबनीसाचा पगार एका प्रकल्पात ‘समन्वयक’ म्हणून आणि दुसऱ्यात ‘प्रशिक्षक’ म्हणून दाखवावा लागतो. पारदर्शकतेसाठी घातलेली अट हिशेब धूसर करते. अमेरिकेतल्या फोर्ड फाउंडेशनने प्रकल्प-अनुदानांवरचा अप्रत्यक्ष खर्च आधी १०वरून २० टक्के आणि नंतर किमान २५ टक्के केला. भारतीय न्यासांना आणि कंपन्यांना हे करायला कोणताही कायदा आड येत नाही.

अटींचा शेवटचा भाग अनुदान संपतानाचा. न खर्चलेली रक्कम, आणि अनेकदा तिच्यावरचे व्याजही, परत करावे लागते. सीएसआरमध्ये चालू प्रकल्पाला सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांची मुदत असते; त्यातूनही उरलेला पैसा कायद्याच्या सातव्या परिशिष्टातल्या निधीत जातो, संस्थेला तो पुढच्या कामासाठी ठेवता येत नाही. ज्या कंपन्यांचे सीएसआर खर्चाचे सरासरी बंधन १० कोटींचे किंवा जास्त आहे, त्यांना १ कोटी किंवा त्याहून जास्त खर्चाच्या प्रकल्पांचे परिणाम-मूल्यमापन बाहेरच्या यंत्रणेकडून करून घ्यावे लागते. अनुदानातून घेतलेली गाडी, यंत्रे, उपकरणे कोणाची, हे करारातच लिहून घ्यावे लागते. बहुतेक न्यास ती संस्थेकडे राहू देतात, मात्र विकायची किंवा दुसऱ्या कामाला लावायची तर ठरावीक वर्षे न्यासाची लेखी संमती मागतात.