काला अंबचा हिरवा

आंब्याचे जून पान रंगवायचे तर हिरव्यात लाल मिसळावा लागतो. सॅप ग्रीनमध्ये अलिझरीन क्रिमझनचा थेंब पडला की हिरव्याचा भडकपणा जातो आणि उन्हाआडच्या पानावर असते तशी काळसर झाक कागदावर उतरते. तयार काळा रंग मी वापरत नाही. त्याने पान मरते. लाल-हिरव्यातून आलेल्या गडदपणात उजेड शिल्लक राहतो.

हे मी साठीनंतर शिकलो, पानिपतजवळच्या काला अंबच्या परिसरात बसून. नोकरी इथल्याच कापडधंद्यात झाली. पानिपतात जगभरातून जुने लोकरी कपडे येतात. बटणे, चेन काढून त्यांचे रंगाप्रमाणे ढीग लावतात, मग ते यंत्रावर पिंजून पुन्हा सूत काततात. निवड रंगावरच झालेली असल्याने त्यातले बरेचसे सूत नव्याने रंगवावे लागत नाही. ढिगासमोर बसलेल्या बायका दोन लालांमधला फरक हात न थांबवता ओळखतात. माझेही आयुष्य शेड जुळवण्यात गेले. डोळा रंगाला सरावलेला होता, झाड पाहायला मात्र नव्हता. निवृत्तीनंतर ती सवय मी मुद्दाम लावून घेतली.

काला अंब मराठी माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. १४ जानेवारी १७६१ ला भाऊसाहेबांची फौज आणि अब्दाली या भागात भिडले. पानिपत शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर विटांचा एक स्तंभ आहे, वर लोखंडी दांडा, भोवती लोखंडी कुंपण. तिथे पूर्वी आंब्याचे झाड होते. रक्ताने माती भिजली म्हणून त्याची पाने काळवंडली आणि फळातून रक्तासारखा रस येऊ लागला, अशी आख्यायिका. पुढे ते झाड वठले. त्याच्या लाकडाची म्हणून सांगितली जाणारी दारे पानिपतच्या संग्रहालयात आहेत.

मी रंगवतो तो आंबा अर्थातच दुसरा, जवळच्या एका शेताच्या बांधावरचा. उत्तरेत मोहोर उशिरा येतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्याच सुमारास पालवीही फुटते आणि तीच मला सगळ्यात मोठी शाळा वाटते. आंब्याचे कोवळे पान हिरवे नसते. ते तांबूस, कधी जांभळट, ओल्या कापडासारखे मऊ असते आणि खाली लोंबते. हरितद्रव्य त्यात मागाहून भरते. तोवर अँथोसायनिन या रंगद्रव्याची लाली दिसते. पुढे पान पोपटी होते, मग ताठ, चिवट आणि गडद. या तिन्ही अवस्था एकाच वेळी एकाच झाडावर सापडतात. रक्ताचा रंग आणि काळोख शेजारी शेजारी.

हे पाहिल्यापासून त्या आख्यायिकेकडे मी आदराने बघतो. झाडाने रक्त शोषले आणि पाने काळी पडली, हे वनस्पतिशास्त्रात बसत नाही. पण ज्या कुणी ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली त्याने आंबा नीट पाहिला होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. लाल पालवी आणि तिच्यामागची काळसर पाने त्याच्या डोळ्यांसमोर असणार, आणि पायाखाली ही जमीन.

रंग मी कॅम्लिनचे वापरतो. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईपासून उभा केलेला हा कारखाना. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. म्हणून पानाची फिकट मधली शीर आधी सोडायची, तिच्या दोन्ही बाजूंना पातळ पिवळसर हात द्यायचा, तो वाळला की हिरवा, आणि गडद शेवटी. हा क्रम उलटवता येत नाही. सावळाराम हळदणकरांचे दिवा धरलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. तिच्या बोटांमधून झिरपणारा उजेड पाहताना जलरंगात काय साधू शकते ते कळते. इथे हवामानही हात धरते. जानेवारीच्या धुक्यात पहिला हात वाळता वाळत नाही, रंग एकमेकांत शिरतात. मेमध्ये लू सुटली की ब्रश पाण्यात बुडवून परत येईपर्यंत कडा सुकलेल्या असतात.

उशिरा सुरुवात केल्याचे मला मुळीच दुःख नाही. रवींद्रनाथ ठाकूर साठीनंतर चित्रांकडे वळले. १९३० साली पॅरिसमध्ये त्यांचे पहिले प्रदर्शन झाले तेव्हा ते सत्तरीला आले होते. मध्य प्रदेशातल्या उमरिया जिल्ह्यातल्या जोधइया बाई बैगा यांनी उभी हयात मजुरी केली. साठी उलटल्यावर चित्रकार आशिष स्वामींकडे त्यांनी ब्रश धरला आणि जंगल, मोहाचे झाड, वाघ रंगवले. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जंगल त्यांनी आधी आयुष्यभर पाहिले होते, आणि त्यांच्या चित्रांचे बळ मला त्यातच दिसते. वय झालेल्या माणसाकडे घाई नसते. कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थाचे तेच पाणी पुन्हा पुन्हा रंगवत राहिले, तशी एका झाडाशी चिकाटी धरायला हेच वय चांगले.

१४ जानेवारीला शौर्यदिनासाठी महाराष्ट्रातून गाड्या भरून लोक येतात, इथली माती कपाळाला लावतात, पुडीत बांधून नेतात. एकदा सांगलीकडच्या एक आजी माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

“ह्योच का वो त्यो आंबा?”

“नाही आजी, तो कधीच वठला. हा दुसरा.”

त्यांनी चित्र बघितले, मग झाड, मग पुन्हा चित्र. “देठ बुडाशी फुगीर असतंय बगा,” म्हणाल्या आणि एक पान तोडून माझ्या हातात दिले. खरेच, फांदीला चिकटतो तिथे आंब्याचा देठ जाडसर असतो. आंब्याच्या सावलीत आयुष्य काढलेल्या बाईला ते सांगायला पुस्तक लागले नाही. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक पानाला तो फुगीर देठ असतो.

त्या गर्दीतले बहुतेक जण स्तंभापुढे हात जोडून, फोटो काढून तासाभरात परततात. शौर्यदिनाला जरूर या. त्या मातीपुढे नमस्कार करायलाच हवा. पण ज्यांना निवृत्तीनंतर काही रंगवून पाहावेसे वाटते त्यांनी मार्चमध्ये पालवी पाहायला यावे आणि एकाच झाडाखाली अख्खी सकाळ काढावी. कागद तीनशे जीएसएमचा आणा, पिण्याचे पाणी वेगळे ठेवा आणि नवाच्या आत पोहोचा. दुपारी ऊन डोक्यावर आले की पानांच्या सगळ्या छटा सपाट होतात.