उदार शिक्षण आणि लोकसेवा

इतिहास, काव्य, नागरिकशास्त्र ह्यांवर मुलाने इतकी वर्षे घालवावी काय? त्यापेक्षा एखादा हुन्नर शिकला तर चार पैसे तरी लवकर हाती येतील, असे पालकमंडळी आम्हांस वारंवार विचारतात. प्रश्न रास्त आहे. ज्या घरास मुलाच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घ्यावा लागतो, त्या घराने तो विचारलाच पाहिजे. माणसाची दृष्टी विस्तृत करणाऱ्या ह्या विषयांस उदार शिक्षण म्हणतात. त्याचा गावास काय उपयोग, हे सांगण्यासाठी आम्हांस फार दूर जावयास नको. कृष्णाकाठीच त्याचे उदाहरण घडले आहे.

इस्लामपूर येथील एका शाळेत अस्पृश्य मानलेल्या जातीतील एक मुलगा वर्गाबाहेर बसून शिकत असलेला भाऊराव पाटील ह्यांच्या दृष्टीस पडला. त्यांनी त्यास कोल्हापुरास नेले व तेथील मिस क्लार्क वसतिगृहात त्याची सोय केली. हाच मुलगा, ज्ञानदेव घोलप, पुढे डॉ. आंबेडकरांनी 1920 साली सुरू केलेल्या 'मूकनायक' पत्राचा संपादक झाला आणि मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळातही बसला. नुसता हुन्नर शिकला असता तर त्याचे पोट भरले असते, ह्यात शंका नाही. परंतु उंबरठ्याबाहेर बसविलेल्या हजारोंचे म्हणणे लेखणीने व वाणीने मांडण्याचे सामर्थ्य त्यास भाषा, इतिहास व कायदा ह्यांच्या परिचयानेच आले असावे, असे आम्हांस वाटते.

भाऊरावांनी 1919 साली कऱ्हाडनजीक काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. योगायोग असा की, त्याच साली सांगलीस विलिंग्डन कॉलेज निघाले. उच्च शिक्षणाचे दार ह्या मुलुखात उघडले खरे, परंतु खेड्यातील कुणब्याच्या, महारा-मांगाच्या पोराने त्या दारापर्यंत पोचावे कसे, हा प्रश्न उरतच होता. 1924 साली संस्था साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहास 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एका पंक्तीस जेवत. स्वयंपाक, पाणी, झाडलोट स्वतःच करीत. ज्या काळी पाणवठेही वेगळे होते, त्या काळी ही पंगत म्हणजे नागरिकशास्त्राचा पहिला धडाच होता. वसतिगृहाचा खर्च भागेना तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. ही गोष्ट आमच्या विद्यार्थिनींनी विशेष ध्यानात ठेवावी, कारण पाटीवर नाव बहुधा पुरुषाचेच लागते.

1940 साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. 'कमवा आणि शिका' ह्या योजनेने तेथील मुलांनी शेतात घाम गाळून आपले शिक्षण केले. येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. भाऊरावांचे शिक्षण म्हणजे खोरे-कुदळ, असे पुष्कळांस वाटते. तसे असते तर त्यांनी 1947 साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज व 1954 साली कऱ्हाडास सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज कशासाठी काढले असते? खोरे हाती देऊन पुस्तक काढून घेणे म्हणजे रयतेस जन्मभर रयतच ठेवणे होय, हे त्यांनी ओळखले होते. उलट, पुस्तक हाती येताच खोऱ्याची लाज वाटू लागली तर तो पदवीधर गावास परका होतो. ह्या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच मुलाच्या हाती दिल्या, हे त्यांच्या कार्याचे मर्म आम्हांस वाटते.

नागरिकत्वास किंमतही पडते. गांधीजींच्या हत्येनंतर 1948 साली भाऊरावांनी सत्ताधाऱ्यांवर जाहीर टीका केली. सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. भाऊराव नमले नाहीत. उलट गांधीजींच्या नावे 101 हायस्कुले काढण्याचा त्यांनी संकल्प सोडला, लोकांनी मदत केली व पुढे अनुदानही पुन्हा सुरू झाले.

ही झाली मागची हकीकत. आता अगदी अलीकडचा प्रसंग पाहू. कोयनेचे पाणी कऱ्हाडास कृष्णेला मिळते व तेथून सांगलीकडे येते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी तेथे 57 फुटांवर गेले. अशा वेळी पहिली निकड नावेची, भाकरीची, धडधाकट खांद्यांची असते, आणि त्या कामी तरुण मंडळी सहसा मागे राहत नाहीत. परंतु पाणी ओसरल्यावर दुसरे काम सुरू होते व त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. पंचनामे व्हावयाचे, याद्या लागावयाच्या, मदतीचे नियम निघावयाचे. जिच्या नावावर ना घर ना जमीन अशी विधवा, दुसऱ्याच्या जागेत राहणारा मजूर, ह्यांची नावे यादीत राहून जाण्याचा संभव फार. सरकारी आदेश वाचून त्याचा अर्थ साध्या मराठीत सांगणे, चार ओळींचा मुद्देसूद अर्ज लिहून देणे, तो कोणाकडे द्यावा हे ठाऊक असणे आणि त्या झोपडीच्या दारात बसावयास कमीपणा न वाटणे, हे सर्व ज्याच्या अंगी आहे तो विद्यार्थी तेथे हवा असतो. निबंधाची वही व नागरिकशास्त्राचे पुस्तक त्या दिवशी उपयोगास येते.

महापुराची वाट पाहावयास नको. कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीस वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. आमच्या वरच्या वर्गांतील मुलामुलींनी येत्या ग्रामसभेस आईवडिलांसोबत जावे, मागे बसून ऐकावे, आणि कोणते ठराव झाले, कोण बोलले व कोण बोलावयाचे राहिले, हे वहीत टिपून आणावे. पुढच्या ग्रामसभेस तीच वही सोबत न्यावी व झालेल्या ठरावांपैकी कोणते अमलात आले ते ताडून पाहावे.