चार तासांत एकशेवीस लिटर

आगरदांड्याच्या जेट्टीपासून अलिबागचं जिल्हा रुग्णालय पन्नासहून अधिक किलोमीटर. आठवड्यातून तीनदा डायलिसिस धरलं तर वर्षाला 156 खेपा, जाऊन-येऊन पंधरा हजार किलोमीटरच्या वर. तरी खरा अचंबित करणारा हिशेब पेशंट खाटेवर आडवा झाल्यावर सुरू होतो.

पंप मिनिटाला साधारण 300 मिलिलिटर रक्त ओढतो; चार तासांत 72 लिटर. अंगात रक्त जेमतेम पाच लिटर, म्हणजे तेच रक्त चौदा वेळा डायलायझरमधून फिरून येतं. त्या नळकांड्यात सुमारे दहा हजार पोकळ तंतू असतात. आतून रक्त, बाहेरून पाणी आणि मध्ये मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढी सच्छिद्र भिंत.

हे पाणी लागतं मिनिटाला 500 मिलिलिटर. एका बैठकीला 120 लिटर, वर्षाला जवळपास 19 हजार लिटर. आपण आठवड्यात पितो पंधराएक लिटर, आणि तेही आतडी-यकृताच्या पहाऱ्यातून आत जातं. इथे पहारा नाही. गावात टाकीत क्लोरीनची टीसीएल पावडर पडली की आपण निर्धास्त होतो, पण म्हणूनच डायलिसिसला तोच क्लोरीन घातक. नळाच्या पाण्यात तो लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवाच. डायलिसिसच्या पाण्यात एकूण क्लोरीन 0.1 च्या वर गेलेला चालत नाही, कारण तांबड्या पेशी फुटतात. कार्बनच्या टाकीतून पुढे आलेलं पाणी दर पाळीआधी तपासायचं ते यासाठीच.

जंतूंचं गणित तर डोकं गरगरवणारं आहे. मिलिलिटरला शंभराच्या आत जंतू, ही प्रचलित मर्यादा. ऐकायला कडक वाटते, पण 120 लिटरला गुणा: एक कोटी वीस लाख! अतिशुद्ध द्रवाची मर्यादा 0.1, तेव्हा तेच बारा हजारांवर येतात. जंतू भिंत ओलांडत नाहीत, पण त्यांच्या विषाचे तुकडे ओलांडू शकतात.

1996 मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात हेच पाणी उलटलं. धरणात निळं-हिरवं शेवाळ माजलेलं, पाणी टँकरने आलेलं, प्रक्रिया अपुरी. तिथल्या डायलिसिस केंद्रातल्या 131 रुग्णांपैकी 116 जणांना त्रास झाला, शंभर जणांचं यकृत निकामी झालं, 52 मृत्यू त्या शेवाळाच्या विषामुळे झाल्याचं ठरलं.  कोकणात पाऊस धो धो पडतो, तरी मे महिन्यात वाड्यांवर टँकर येतोच. मला म्हणून ही घटना दूरची वाटत नाही.

पाण्याइतकेच हात महत्त्वाचे. अमेरिकेतल्या पाहणीत डायलिसिसवरच्या लोकांना स्टॅफ जंतूचा रक्तसंसर्ग होण्याचा धोका इतरांच्या शंभरपट आढळला. हिपॅटायटिस बी चा विषाणू खाटेच्या कठड्यावर सात दिवस तग धरतो. सुई टोचण्याआधी फिस्टुलाचा (सुईसाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीचा) हात साबणाने धुवायचा, ग्लोव्हज दर पेशंटला बदलायचे आणि सोबत आलेल्या मुलाने न लाजता सिस्टरना विचारायचं, ‘‘ताई, आज क्लोरीन तपासला का? वही बघू?’’