चेहरा, अंतर आणि भिंग

व्याख्यानानंतर एका माजी विद्यार्थ्याने विचारले, ‘आजोबांच्या स्टुडिओतील तसबिरीचा भारदस्तपणा माझ्या ३५ मिमी कॅमेऱ्यात का उतरत नाही?’ सभागृहात उत्तर त्रोटक राहिले. ते येथे पुरे करतो.

नाकडोळ्यांची प्रमाणे भिंग ठरवीत नाही, अंतर ठरवते. ३५ मिमी फिल्मवर ८५ मिमीचे, ६×६ सेंमीवर १५० मिमीचे, ४×५ इंचीवर ३०० मिमीचे भिंग लावा. दोन मीटरांवरून चेहऱ्याची ठेवण तीच येते. फरक पडतो तो पार्श्वभूमी विरघळण्यात, आणि तो छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर अवलंबून असतो. ८५ मिमी भिंगाचे एफ/२ला छिद्र सुमारे ४३ मिमी, तर ३०० मिमीचे एफ/५.६ला सुमारे ५४ मिमी! ‘मंद’ म्हणून हिणवलेले भिंगच मागचे अधिक पुसते. मी मात्र वर्षानुवर्षे त्याचे श्रेय जुन्या काचेला देत आलो.

काचेला स्वभाव नसतो, असे नव्हे. पेट्झवालने १८४० साली गणिताने सिद्ध केलेले भिंग मध्यभागी रेखीव, कडांकडे मवाळ. लहान फिल्मवर बसवल्यास त्या कडाच चौकटीबाहेर राहतात.

शिवाय आजोबा त्या मंद काचफलकासमोर बहुधा काही सेकंद निश्चल बसले असावेत.