कापरेकरांचे ६१७४ आणि हॅस्केल
मंगरूळपीरच्या एखाद्या विद्यार्थ्याला नवी प्रोग्रामिंग भाषा निव्वळ हौसेखातर शिकायची असेल, तर पहिला खेळ म्हणून मी कापरेकरांचा स्थिरांक सुचवेन. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय कापरेकरांनी तो १९४९ मध्ये जाहीर केला. ३५२४ घ्या. अंक उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच केले की (शून्यही धरायचे) ८३५२. आणखी एकदा, ६१७४. आता ७६४१ वजा १४६७, परत ६१७४! चारही अंक सारखे नसले, तर कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात फेऱ्यांत इथेच पोहोचते.

हा खेळ सी भाषेत लिहिताना आपण एक चल घेतो आणि लूपमध्ये त्याची किंमत बदलत राहतो. हॅस्केल ही फंक्शनल पद्धतीची भाषा; तिथे किंमत बदलायचीच नाही. 'उतरता वजा चढता' एवढे एकच फंक्शन लिहायचे. संख्या तीच, तर उत्तरही नेहमी तेच. तेच फंक्शन पुन्हा पुन्हा लावणाऱ्या हॅस्केलमधल्या 'इटरेट'ला ते आणि ३५२४ दिले, की अनंत यादी तयार होते, पण मागाल तेवढेच आकडे प्रत्यक्षात मोजले जातात. मला हे फार देखणे वाटते.

या फंक्शनल विचाराचे मूळ गणितज्ञ अलोंझो चर्च यांच्या १९३० च्या दशकातल्या लॅम्बडा कॅल्क्युलसमध्ये, म्हणजे फंक्शनांच्या गणितात, आहे. हॅस्केल आले १९९० मध्ये. माधवन मुकुंद आणि एस. पी. सुरेश यांची हॅस्केलवरची व्याख्याने एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर आहेत.

कापरेकरांच्या याच खेळात तीन अंकी संख्या (सगळे अंक सारखे नसले तर) ४९५ वर थांबतात. पाच अंकी मात्र चक्रांत फिरत राहतात. ती चक्रे शोधणारा प्रोग्राम जरूर लिहा.